कमी बजेटमध्ये डिझेल पिकअपची ताकद वाढवताना आधी उष्णतेचा हिशोब मांडा

मे २०१६ मध्ये भारतात आलेली इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आता जुन्या गाड्यांच्या बाजारात बऱ्यापैकी दिसते. आठवडाभर शेतावरचा माल, सुट्टीत कोकण आणि जमलंच तर एकदा लडाख, हे सगळं एकाच गाडीत बसवू पाहणाऱ्यांना ती भुरळ घालते. गाडी घेतली की थोड्याच दिवसांत एक तक्रार कानावर येते: दिसायला रांगडी आहे, पण आंबा घाटात मागे माल असला की म्हणावी तशी ओढत नाही. मग कोणीतरी सांगतं, रीमॅप कर, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधले आकडे बदल, गाडी उडायला लागेल. दुसरा म्हणतो, आधी मोठे टायर टाक. तिसरा सायलेन्सर बदलायला सांगतो. खिशात असतात लाखभर रुपये, आणि तिघांचंही ऐकलं तर ते दीड आठवड्यात संपतात.

मी इथे उदाहरणादाखल हीच गाडी धरतो. तिचं जुनं, म्हणजे बीएस-४ या आधीच्या प्रदूषण-मानकाच्या काळातलं अडीच लिटरचं इंजिन साधारण १३६ अश्वशक्ती आणि ३२० न्यूटन मीटर टॉर्क देतं. पण यातला बहुतेक हिशोब स्कॉर्पिओ गेटअवे, टाटा झेनॉन किंवा कोणत्याही टर्बो, कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरना एकाच सामाईक नळीतून दाबाखाली डिझेल देणाऱ्या) डिझेल पिकअपला तसाच लागू होतो. मुद्दा एकच आहे. डिझेल इंजिनातून जास्त ताकद काढायची म्हणजे जास्त डिझेल जाळायचं, आणि जास्त डिझेल जाळलं की जास्त उष्णता तयार होते. ती उष्णता कोण सोसणार, हे ठरवल्याशिवाय पैसे खर्च केले तर बिल दोनदा येतं.

ताकद येते कुठून

पेट्रोल इंजिनात आपण पेडल दाबतो तेव्हा हवेची झडप उघडते. डिझेलचं तसं नाही. ते प्रत्येक वेळी मिळेल तेवढी हवा आत ओढून घेतं आणि पेडल ठरवतं ते फक्त डिझेल किती मारायचं हे. म्हणून डिझेल इंजिनाची ताकद वाढवणं कागदावर सोपं वाटतं: नोझलमधून, म्हणजे डिझेलचा फवारा मारणाऱ्या तोटीतून, थोडं जास्त डिझेल सोडा, झालं.

अडचण हवेची आहे. एक किलो डिझेल पूर्ण जळायला हिशोबाने साधारण साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात मात्र फवाऱ्यातलं डिझेल आणि हवा मिसळायला क्षणाचाही अवकाश नसतो, त्यामुळे हवा बरीच जास्त लागते. हे प्रमाण साधारण अठरा किलोच्या खाली घसरायला लागलं की काळा धूर दिसू लागतो. चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकणी बाजूला ठेवली तर जे होतं, तेच इथे होतं. तो धूर म्हणजे ताकद नव्हे. ते तुम्ही पैसे देऊन भरलेलं, अर्धवट जळलेलं डिझेल आहे. गाडी काळा धूर ओकते म्हणून ती जोरदार आहे, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे आणि ती मोडायला हवी.

टर्बो हे हवेचं काम करतो. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. दाबलेली हवा तापते, तापलेली हवा विरळ होते, म्हणून मध्ये इंटरकूलर ठेवून ती थंड करतात. डिझेलमधल्या ऊर्जेचा निम्म्याहून जास्त भाग चाकापर्यंत पोचतच नाही. तो सायलेन्सर आणि रेडिएटरमधून बाहेर पडतो. त्यामुळे ताकद थोडी वाढवली तरी तिच्याबरोबर पिस्टन, टर्बो, कूलंट आणि इंजिन ऑइल यांच्यावरचं ओझं वाढतंच.

टॉर्क आणि अश्वशक्ती यांतला फरकही इथेच समजून घेऊ, कारण त्यावर पैसे वाचतात. टॉर्क म्हणजे इंजिन दांडा किती जोराने पिळतं ते. अश्वशक्ती म्हणजे तो जोर किती वेगाने लावला जातो ते. न्यूटन मीटरला आरपीएमने (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांनी) गुणा, ७,०२३ ने भागा, अश्वशक्ती मिळते. ३२० न्यूटन मीटर २,००० आरपीएमला असेल तर ९१ अश्वशक्ती झाली.

आता घाट. गाडी, माणसं आणि माल मिळून अडीच टन वजन धरू, आणि शंभर मीटरला आठ मीटर चढ. ताशी ४० किलोमीटरने चढायला नुसत्या चढासाठीच सुमारे ३० अश्वशक्ती लागते. टायरचं घर्षण, वारा, गिअरबॉक्समधली गळती धरली तर चाळिशी ओलांडते. समजा तुम्ही वरच्या गिअरमध्ये १,३०० आरपीएमवर रेंगाळत आहात. तिथे टर्बो नीट जागाच झालेला नसतो. इंजिन २०० न्यूटन मीटर देत असेल तर ताकद झाली ३७ अश्वशक्ती. गाडी मरणारच. एक गिअर खाली घ्या, आरपीएम दोन हजाराच्या आसपास जाऊ द्या, तेच इंजिन नव्वदच्या घरात पोचतं. घाटात गाडी ओढत नाही या तक्रारीतल्या कितीतरी तक्रारी इथेच मिटतात, आणि त्याला एक रुपया लागत नाही. या गाडीचा पूर्ण टॉर्क १,८०० ते २,८०० आरपीएमच्या पट्ट्यात आहे. महिनाभर त्या पट्ट्यात चालवून बघा, मग ठरवा की रीमॅप खरंच हवाय का.

आधी हरवलेली ताकद शोधा

लाखभर किलोमीटर झालेली गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाची ताकद देत असेल, असं धरून चालू नका. थोडी थोडी ताकद इतक्या हळू जाते की रोज चालवणाऱ्याला कळत नाही. ही परत मिळवणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुरक्षित अपग्रेड आहे, कारण यात इंजिनावर नवा ताण पडत नाही. उलट असलेला कमी होतो. मी बजेटचा पहिला मोठा हिस्सा इथेच ठेवायला सांगेन.

सुरुवात हवेच्या वाटेपासून करा. एअर फिल्टर बघणं सगळ्यांना सुचतं. टर्बोपासून इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपांकडे मात्र कोणी बघत नाही. बॉनेट उघडा, टॉर्च घ्या, आणि प्रत्येक क्लॅम्पच्या खालच्या बाजूला बोट फिरवा. बोटाला काळपट तेलकट लेप लागला आणि त्यात धूळ चिकटलेली असली तर तिथून दाबलेली हवा निसटत असण्याची दाट शक्यता आहे. आत थोडी तेलाची वाफ असणं नेहमीचं आहे. ती बाहेर आली म्हणजे वाट फुटली आहे. पाइप हाताने पिळून बघा, कारण रबराची चीर बंद गाडीत मिटलेली असते आणि दाब आला की उघडते. अशी चीर असेल तर लक्षणं ठरलेली: पिकअप मंद, जोर दिला की काळा धूर आणि शिट्टीसारखा किंवा फुसफुसल्यासारखा आवाज. यावर उपाय म्हणजे एक पाइप आणि दोन चांगले क्लॅम्प. याच गाडीचं आधी रीमॅप केलं असतं, तर टर्बो गळती भरून काढण्यासाठी अजून जोरात फिरला असता आणि लवकर गेला असता.

पाइप काढलाच आहे तर टर्बोच्या पंख्याची दांडी बोटांनी हलवून बघा. इंजिन बंद आणि थंड असताना, अर्थातच. बाजूला जरासा खेळ असतो, तो चालतो. दांडी आत-बाहेर सरकत असेल किंवा पात्यांच्या कडा घराला घासल्याची खूण दिसत असेल, तर सगळे बेत थांबवा आणि आधी टर्बोचं बघा.

मग नोझल. डिझेल पंपाचं काम करणाऱ्या चांगल्या दुकानात रिटर्न टेस्ट करून मिळते. चारही नोझलच्या परतीच्या नळ्या काढून प्रत्येकीला एक पारदर्शक बाटली लावतात आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवतात. चारही बाटल्यांत डिझेल जवळपास सारख्या पातळीला आलं तर ठीक. एका बाटलीत इतरांच्या दुप्पट भरलं तर ते नोझल आतून झिजलं आहे आणि दाब गमावतं आहे. ही चाचणी डोळ्यांना दिसते, त्यात वाद घालायला जागा नसते, आणि तिचा खर्च रीमॅपच्या तुलनेत नगण्य आहे. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब दीड हजार बारच्या पुढे जातो. अशा दाबाखाली झिजलेलं नोझल फवाऱ्याऐवजी धार मारू लागलं तर ती धार पिस्टनच्या डोक्यावर एकाच जागी जाळ करते. रीमॅपनंतर पिस्टनला भोक पडल्याच्या गोष्टी ऐकायला मिळतात, त्यातल्या अनेकांचं मूळ इथे असतं. दोष रीमॅपच्या फाइलला मिळतो, पण नोझल आधीपासूनच आजारी असतं.

डिझेल फिल्टर वेळेवर बदला आणि त्याच्या तळाचं पाणी काढत जा. गावाकडे कॅन किंवा बॅरलमधून डिझेल भरत असाल तर जास्तच. ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेल्या वायूचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारी झडप) आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) काजळी आणि तेल मिळून डांबरासारखा थर बसतो, हवेची वाट अरुंद होते. तो उघडून साफ करून घ्या. बुस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, मोजणारा सेन्सर त्याच काजळीत बसलेला असतो. तोही पुसला की कित्येकदा गाडीचा मूड बदलतो. ब्रेक चिकटून राहत नाहीत ना, टायरमध्ये हवा किती आहे, हे तर वेगळं सांगायला नको.

शेवटी क्लच. मोकळ्या, सरळ रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, टर्बो लागतो त्या आरपीएमला पेडल पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग मात्र तिथेच राहिला, तर क्लच प्लेट घसरते आहे. कारखान्याच्या ताकदीलाच जो क्लच घसरतो, तो वाढलेला टॉर्क एक दिवसही पेलणार नाही. आणि क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे ते बिल पाच आकडीच. हे बजेटमध्ये आधी लिहा.

टायर आणि लोखंड ताकद खातात

अपग्रेडच्या नादात लोक बहुतेकदा आधी जे बदलतात, त्यानेच गाडी मंद होते. २४५/७० आर१६ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर येतो. त्याजागी २६५/७५ आर१६ चढवला तर व्यास सुमारे ८०४ होतो, म्हणजे सात टक्क्यांनी जास्त. प्रत्येक गिअर सात टक्क्यांनी लांब झाला, चाकाचा रस्त्यावरचा जोर तेवढाच कमी झाला. शिवाय मोठा टायर जड, आणि तो फिरवायला आणि थांबवायला वेगळा जोर. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा टायरच्या मापाच्या हिशोबाने तुम्ही आधीपेक्षा सात टक्के जास्त वेगात असाल.

त्यावर लोखंडी बंपर, विंच, मागच्या हौद्यावर रॅक, छतावर तंबू. दोनशे किलो कधी होतात कळत नाही. दोन टनांच्या गाडीला ते दहा टक्के झाले. आता रीमॅपवाला २० टक्के टॉर्क वाढवून देतो म्हणतो. त्यातला मोठा वाटा टायर आणि लोखंडातच गेला. तुमचं काम खरोखर चिखलाचं, दगडांचं असेल तर जाड टायर घ्या, पण कारखान्याच्या मापाचे किंवा त्याला लागून असलेले. कमी बजेटमध्ये चांगल्या पकडीचे, योग्य मापाचे टायर हे रीमॅपपेक्षा जास्त कामाचे आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. ताकद शेवटी रस्त्याला टायरच देतो.

मागचे पाटे आणि शॉकअप हाही असाच विषय. रिकाम्या गाडीत मागचा भाग उडतो म्हणून लोक पाटे काढतात, आणि माल भरला की गाडी बसते. तुम्ही वर्षातले बहुतेक दिवस किती वजन घेऊन फिरता, याचं खरं उत्तर स्वतःला द्या आणि त्याप्रमाणे शॉकअप निवडा. पाट्यांना शक्यतो हात लावू नका.

ब्रेककडेही बघाच. ताशी ८० वरून १०० वर गेलात तर वेग २५ टक्के वाढतो, पण थांबवायची ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते, आणि ती सगळी उष्णता होऊन पॅड आणि डिस्कमध्ये जाते. चांगले पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल यावर घातलेले पैसे कोणाला दाखवता येत नाहीत, पण अंबोली उतरताना ते तुम्हाला जाणवतात.

रीमॅप, बॉक्स आणि बाकीचा बाजार

इथपर्यंत सगळं नीट असेल, तर मग इलेक्ट्रॉनिक्सकडे वळू. दोन मुख्य वाटा आहेत.

पहिली ट्यूनिंग बॉक्स. स्वस्त बॉक्स साधारण असा चालतो: रेलमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरची तार तो मध्येच पकडतो आणि इसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगतो की दाब कमी आहे. इसीयू बिचारा दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं. काढून टाकला की गाडी पूर्ववत होते, ही त्याची जमेची बाजू. पण इसीयूला खोटं सांगून चालवल्यामुळे त्याला आपण किती डिझेल मारतो आहोत हेच कळत नाही, आणि त्याची स्वतःची सुरक्षेची गणितं त्या खोट्या आकड्यावर चालतात. पंप आणि नोझल मात्र खरा दाब सोसतात.

दुसरी वाट रीमॅपची. यात इसीयूमधले तक्तेच बदलतात: पेडलला किती टॉर्क द्यायचा, टॉर्कची कमाल मर्यादा किती, बुस्ट किती, डिझेल किती वेळ आणि किती दाबाने मारायचं, धूर रोखायची मर्यादा कुठे. नीट केलेल्या रीमॅपमध्ये हवा आणि डिझेल बरोबरीने वाढतात. या गाड्यांसाठी खर्च साधारण २५ ते ४० हजारांच्या घरात जातो. माझं मत रीमॅपच्या बाजूने आहे, पण सौम्य रीमॅपच्या. ३२० चे ३८० झाले तरी घाटात फरक चांगला जाणवतो. ४५० च्या मागे लागलात तर पुढचं बिल क्लचचं, त्याच्या पुढचं टर्बोचं.

बाकीच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. पेडल बॉक्स पेडलला चपळ करतो, ताकद वाढवत नाही. पाय जास्त दाबला तरी तेच होतं. कापडी, तेल लावलेले महागडे एअर फिल्टर साध्या इंजिनावर फारसं काही देत नाहीत, आणि आपल्या कच्च्या रस्त्यांवरची बारीक धूळ रोखण्यात कारखान्याचा कागदी फिल्टर भरवशाचा आहे. ओबीडी सॉकेटमध्ये (गाडी तपासायचं यंत्र जोडतात त्या खाचेत) खोचायचे काहीशे रुपयांचे ताकद वाढवणारे डबे नुसते दिवे लावतात. डिझेलच्या पाइपवर बांधायचे मॅग्नेट तर घेऊच नका. त्याऐवजी तेवढ्याच पैशात ब्लूटूथवर चालणारा ओबीडी स्कॅनर घ्या. मोबाइलवर कूलंटचं तापमान, बुस्ट, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि रेलचा दाब दिसतो. तो पुढे प्रत्येक निर्णयात उपयोगी पडेल.

ईजीआर बंद करा म्हणजे गाडी मोकळी होते, हा सल्लाही खूप मिळतो. पूर्ण जोर देताना इसीयू ईजीआर व्हॉल्व्ह बहुतांशी बंदच ठेवतो, कारण तेव्हा इंजिनाला ताजी हवा हवी असते. म्हणजे कमाल ताकदीत त्याला काढून मिळणारं फार काही नाही. तुंबलेला असेल तर साफ करा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये डीपीएफही, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. तो काढून टाकायची दुकानं सापडतील, पण त्यातून बाहेर पडणारी काजळी तुमच्या मागच्या दुचाकीवाल्याच्या आणि शाळेच्या रिक्षातल्या मुलांच्या फुप्फुसात जाते. हे मला कोणत्याही ताकदीसाठी मान्य नाही.

यातली बरीच हौस अमेरिकन पिकअपच्या व्हिडिओंमधून येते. तिथल्या ६.७ लिटरच्या कमिन्स इंजिनाने २०१९ च्या रॅम गाडीत कारखान्यातूनच १,००० पाउंड-फूट, म्हणजे साधारण १,३५६ न्यूटन मीटर टॉर्क दिला. आपल्या अडीच लिटरच्या चौपट. त्या इंजिनासाठी सांगितलेले उपाय इथे लागू होत नाहीत. आणि तिथेही मोकळं रान नाही. त्याच रॅम पिकअपमधल्या प्रदूषण-नियंत्रण चुकवणाऱ्या यंत्रणेच्या आरोपावरून कमिन्सने १६७.५ कोटी डॉलरचा दिवाणी दंड भरायचं मान्य केलं. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याखालचा तो तोवरचा सर्वांत मोठा दंड ठरला.

तापमान मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

रीमॅप करणार असाल तर एक मीटर मला अत्यावश्यक वाटतं: एक्झॉस्ट वायूच्या तापमानाचं. कूलंटचा काटा उशिरा हलतो. तो वर गेला तोवर पिस्टनचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये के-टाइपचं थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) बसवतात. हा प्रकार कारखान्यांच्या भट्ट्यांमध्ये सर्रास वापरला जातो, त्यामुळे तो मिळायला कठीण नाही. भोक पाडताना लोखंडाचा कीस आत पडून टर्बोच्या पात्यांवर जाऊ नये म्हणून मॅनिफोल्ड काढूनच काम करून घ्या.

चालीचा नियम असा की टर्बोच्या आधीचं तापमान सतत ७०० अंश सेल्सियसच्या वर राहू देऊ नये. क्षणभर वर गेलं तर लगेच काही होत नाही, पण लांब चढावर ते तिथेच ठाण मांडून बसलं तर पाय हलका करा आणि गिअर खाली घ्या. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन वायूइतका तापत नाही, कारण खालून त्याच्यावर तेल उडत असतं. म्हणून ते तेल चांगलं आणि वेळेवर बदललेलं असणं महत्त्वाचं. चढ संपल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवा, म्हणजे टर्बोच्या दांडीभोवतीचं तेल जळून चिकटत नाही.

लडाखला जाणाऱ्यांसाठी एक खास इशारा. उमलिंग ला ही तिथली खिंड सुमारे ५,८०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. इसीयूला ठरलेला बुस्ट गाठायचा असेल तर टर्बोला विरळ हवेत कितीतरी जास्त फिरावं लागतं. कारखान्याच्या फाइलमध्ये उंचीप्रमाणे बुस्ट आणि डिझेल कमी करायचे तक्ते असतात. रीमॅप करणाऱ्याने बुस्ट वाढवताना त्या तक्त्यांना काय केलं आहे, हे विचारल्याशिवाय ती गाडी तिकडे नेऊ नका.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणीतले तपशील विसंगत होतील असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. लोखंडी बुल बारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे आदेश राज्यांना दिले होते. रीमॅप बाहेरून दिसत नाही म्हणून तो या सगळ्याच्या बाहेर आहे असं समजू नका. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत प्रदूषणाची चाचणी होते ती कारखान्याच्या फाइलची. तुमच्या नव्या फाइलची नाही. वॉरंटी चालू असेल तर ती जाऊ शकते, आणि विमा कंपनीला न कळवलेल्या बदलामुळे दावा अडकू शकतो. विम्याची कागदपत्रं काढून वाचा, कंपनीला लेखी विचारा, आणि मगच ठरवा. गाडी पोटापाण्यासाठी चालत असेल तर माझा सल्ला सरळ आहे: रीमॅप नको, देखभालीवर थांबा.

लाखभर रुपये असतील तर

मी पहिले ३० ते ३५ हजार तपासणी, पाइप, फिल्टर, काजळीची सफाई, सगळी ऑइल आणि ब्रेक पॅड यांच्यासाठी बाजूला काढेन. नोझल किंवा क्लच खराब निघाला तर उरलेलं सगळं बजेट तिकडे वळवायची तयारी ठेवेन आणि त्या वर्षी दुसरं काही करणार नाही. निघाला नाही, तर टायरची अवस्था बघेन. ते कडक झाले असतील तर चार चांगले टायर, मूळ मापाचे. मग दोन-तीन महिने गाडी चालवेन. तेच सामान, तोच घाट, तोच गिअर, आणि स्कॅनरवरचे आकडे लिहून. टाकी फुल ते टाकी फुल असं अॅव्हरेज काढेन. या नोंदी नसतील तर पुढे रीमॅपने काय मिळालं हे नुसतं अंदाजावर राहतं, आणि पैसे घालवल्यावर आपला अंदाज नेहमी पैशाच्या बाजूने झुकतो. त्यानंतरही कमी वाटलं आणि कायद्याची जोखीम समजून घेतली असेल, तर दुसऱ्या हप्त्यात तापमानाचं मीटर आणि सौम्य रीमॅप, याच क्रमाने.

रीमॅपवाल्याकडे गेलात की काही गोष्टी स्पष्ट विचारा. तो आधी गाडी स्कॅन करून, चालवून, लॉग घेणार आहे का, की थेट फाइल टाकणार? मूळ फाइलची प्रत तुम्हाला पेन ड्राइव्हवर देणार का? टॉर्क कोणत्या आरपीएमला किती वाढवतो आहे? १,५०० च्या खाली एकदम जोर वाढवला तर क्लच आणि कनेक्टिंग रॉडवर सगळ्यात वाईट ताण येतो. जोर २,००० च्या आसपास हळूहळू चढायला हवा. पूर्ण जोर देताना धूर दिसणार का? धूर थोडा दिसणारच, असं उत्तर आलं तर गाडी परत न्या. डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख असेल तर आधीचा आणि नंतरचा, दोन्ही एकाच दिवशीचे, एकाच यंत्रावरचे मागा. आणि फाइल टाकल्यावर पहिली मोठी फेरी माल भरून करू नका. रिकाम्या गाडीने ओळखीच्या घाटात जा, शेजारी कोणालातरी बसवून तापमान, बुस्ट आणि रेलचा दाब वाचायला सांगा, आणि मागे कोणीतरी दुसऱ्या गाडीतून धूर बघत येऊ द्या.